शेऱ्याचा रकाना

चारकोपच्या आमच्या घरात खाली दोन खोल्या होत्या आणि वर पोटमाळा. खाली आम्ही राहायचो, वर पप्पांच्या वह्या राहायच्या. पप्पा एका मोठ्या कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि दफ्तरी म्हणून निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे कागद लावले, बांधले आणि मागितले की शोधून दिले. घरी आल्यावर माणसाने काहीतरी वेगळं करावं, तर ते सेक्टरमधल्या बुद्धविहाराचे सचिव झाले. विहारात कसलीही बैठक असो, जयंतीची तयारी असो की नळाची तक्रार, आधी हजेरीची वही फिरायची आणि मग चहा. वहीचे सहा रकाने पप्पा पट्टीने आखायचे: क्रमांक, नाव, पत्ता, मोबाईल, सही, शेरा. सही नसेल तर माणूस आलाच नव्हता, असा त्यांचा हिशेब. शेऱ्याच्या रकान्यात लोक काय वाटेल ते लिहायचे. ‘उशिरा आलो.’ ‘पंखा दुरुस्त करावा.’ एकाने एकदा ‘चहा पाणचट’ असं लिहिलं होतं, आणि पप्पांनी ते इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवलं होतं.

आई इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या पेनांच्या कारखान्यात तपासणीला होती. घाईच्या दिवसांत उरलेला माल रविवारी घरी आणायची. पेन घ्यायचं, खटका दाबायचा, कागदावर एक रेघ, खटका सोडायचा, डब्यात टाकायचं. टिक, रेघ, टिक. पलीकडे इस्टेटमधली मोल्डिंगची मशीनं दर अर्ध्या मिनिटाला एक जड सुस्कारा टाकायची, तो आवाज आमच्या भिंतीतून यायचा. पाहुणे विचारायचे, हे काय? आम्हाला मात्र तो बंद पडला तरच कळायचं. माझा टी.वाय.पर्यंतचा सगळा अभ्यास या दोन आवाजांत झाला. आई मेहकरकडची. रविवारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि वांग्याचं भरीत ठरलेलं. भरीत खाताना पेनांच्या शाईचे निळे डाग तिच्या बोटांवर असायचे आणि ती म्हणायची, “खा गं, विष नाही ते, शाई आहे. तुझ्या बापाने आयुष्यभर तीच खाल्ली.”

अजय आमच्या मागच्या गल्लीतला, शाळेत माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे. आईच्या कारखान्याशेजारीच मोल्डिंगच्या गाळ्यात तो मशीनवर होता. एका शनिवारी दुपारी गाळ्यात आलेल्या कुठल्याशा पाहुण्याचा फोन हरवला. चौकीतून दोन पोलीस आले आणि अजयला घेऊन गेले. तीन तासांनी त्याला रिक्षात घालून घरी पाठवलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. तळव्यांवर असं मारलं होतं, की पुढचा महिनाभर तो पायाच्या कडांवर चालायचा, गरम वाळूवर चालल्यासारखा. फोन संध्याकाळी पाहुण्याच्याच गाडीत, सीटच्या फटीत सापडला.

त्याच्या आईने तक्रार केली तेव्हा पोलिसांचं उत्तर तयार होतं. आम्ही आणायला गेलो तर हा पळाला, गटाराच्या फरशीवरून आपटला. चौकीत आणला तेव्हाच लंगडत होता, कानातून रक्त येत होतं. म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबलं: अजय चौकीच्या दारातून आत गेला, तो कसा गेला? गाळ्यातल्या कामगारांनी काही बघितलं नव्हतं, निदान मालकासमोर तरी बघितलं नव्हतं. बघणारी एकच होती. चौकीच्या समोर एका इमारतीच्या जिन्याखाली कुंदाकाकू शिलाई मशीन टाकून बसायची. साड्यांना फॉल-पिको, ब्लाऊजची उसवलेली शिवण असली कामं. चौकीतल्या लोकांच्या वर्दीची बटणं आणि सुटलेल्या पोटांना घट्ट झालेल्या पँटीसुद्धा तिच्याकडेच यायच्या. ती मूळची मालवणकडची. अजयच्या आईला ती म्हणाली होती, “मी बघलंय. तो आपल्या पायांनी चालत गेलो. माका नमस्कार पण केल्यान.”

अजयसाठी इंटरनेटवर पेज काढायची कल्पना निखिलची. निखिल माझ्या वर्गातला, रस्त्यापलीकडच्या सोसायटीत राहायचा, वडील बँकेत. त्याच्याकडे लॅपटॉप होता आणि घरात इंटरनेट. आम्ही बाकीचे अजून सायबर कॅफेत तासावर बसणारे. त्याने अजयला विचारून त्याच्या तळव्यांचा फोटो टाकला आणि खाली चार ओळी लिहिल्या. दोन दिवसांत तो फोटो बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत फिरला. ओळखीपाळखीची नसलेली मुलं विचारायला लागली, कुठे यायचं, कधी यायचं. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं होतं. आज माझी अठरा वर्षांची भाची असल्या गोष्टी माझ्यापेक्षा कितीतरी शिस्तीत करते. निघण्याआधी फोनचं लोकेशन बंद, फोटोतले चेहरे पुसलेले, वकिलाचा नंबर मनगटावर पेनने लिहिलेला. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्हाला फक्त हजेरी घेता येत होती.

रविवारी सकाळी बागेपाशी जमून पोलीस स्टेशनात निवेदन द्यायचं ठरलं. मी निघताना पप्पांनी पोटमाळ्यावरून कोरी वही काढून दिली, रकाने आखलेली. म्हणाले, “सगळ्यांच्या सह्या घे. नाहीतर उद्या म्हणतील, कोणी आलंच नव्हतं.” मी घेतल्या. एकसष्ट सह्या. बहुतेक कॉलेजची मुलं, काही सेक्टरमधल्या बायका, एक निवृत्त शिक्षक. घोषणा झाल्या, ऊन चढलं, एका साहेबाने निवेदन घेऊन पोच दिली, आणि दीड तासात सगळं आटपलं. परत येताना मी कुंदाकाकूच्या जिन्यापाशी थांबले. ती मोर्च्याला आली नव्हती. तिच्यासमोर सहा साड्या पडल्या होत्या. मी वही मशीनवर ठेवली.

“ह्या कशाक?” तिने विचारलं.

“हजेरी आहे काकू. विहारात घेतो तशी.”

“मी खंय इलंय हजेरी लावूक?”

“शेऱ्यात लिहा ना. तुम्ही जे बघितलंत ते.”

तिने चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं, मग पेन घेतलं. बासष्टावं नाव तिचं. शेऱ्यात तिने शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मी पाहिले. चालत गेला होता.’ अख्ख्या वहीत तेवढा एकच शेरा कामाचा होता.

दुपारी मी निखिलच्या घरी गेले. पेजवर मोर्च्याचे फोटो होते आणि खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘पंधरा टाळकी. जवळून फोटो काढून गर्दी दाखवतात.’ त्याखाली हसणारे पंचवीस जण. निखिल म्हणाला, दुर्लक्ष कर. मला दुर्लक्ष करता येईना. पंधरा? माझ्याकडे बासष्ट सह्या होत्या. मी वहीची तिन्ही पानं टेबलावर सरळ ठेवून फोनने फोटो काढले.

“नंबर दिसतायत यार,” निखिल म्हणाला.

“दिसू देत. आपण काय चोरी केलीय लपवायला?”

“पत्तेपण आहेत.”

“मग काय झालं? विहारातल्या वह्यांमध्ये पण असतात. नाव लिहायची लाज वाटणारा मोर्च्याला येतोच कशाला?”

निखिलने खांदे उडवले. “ओके. झकास दिसतंय तसं. टाक.”

मी फोटोंवर लिहिलं, ‘हे घ्या. मोजा.’ रात्रीपर्यंत तो आमच्या पेजवरचा सगळ्यात जास्त पसरलेला फोटो झाला होता, तळव्यांपेक्षाही जास्त. मी शांत झोपले. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोक म्हणतात, मनात कुठेतरी पाल चुकचुकली असेल. नाही चुकचुकली.

सोमवारी दुपारपासून सह्या करणाऱ्यांना फोन सुरू झाले. कोणाला धमकी नव्हती. फक्त एक आवाज विचारायचा, “पत्ता बरोबर आहे ना? याच पत्त्यावर राहता ना? वडील कुठे कामाला?” एवढंच विचारून ठेवून द्यायचा. माणसं घाबरायला तेवढं पुरतं. एकाचं पासपोर्टचं काम चालू होतं, एकीचं लग्न ठरत होतं. संध्याकाळपर्यंत पेजवर अर्धे लोक आम्हालाच बोल लावत होते. आम्ही फोटो काढून टाकले, पण ते आधीच दुसऱ्यांच्या पेजवर गेले होते. बुधवारी सकाळी कुंदाकाकूच्या जिन्यापाशी अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. त्या रांगेत एक चावीवाला आणि एक चप्पल शिवणारा पण बसायचा. गाडीने फक्त शिलाई मशीन उचललं. मशीनमध्ये अडकलेली मोतिया रंगाची साडी ओढली जाऊन फाटली, ती कोणाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संध्याकाळी पप्पांनी मला समोर बसवलं. आई पेनं तपासत होती, तिने हात थांबवला नाही. पप्पा ओरडले नाहीत. त्यांना ओरडायला यायचंच नाही. म्हणाले, “सुजाता, वही सभेची असते. जो सभेत होता त्याला ती दाखवायची. जो नव्हता त्याने मागितली तर आधी सभेला विचारायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, ती माझी चूक. बाकीची तुझी.”

“आता काय करू?”

“जेवढ्या सह्या, तेवढी दारं. वही घेऊन जा. सांग, मी केलं. ज्याला नाव काढायचं असेल त्याला काढू दे.”

“पान फाडून टाकते ना सरळ.”

पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कोणाचा तरी गळा कापायला निघाले होते. “पान फाडायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. बाजूला ज्याची त्याने सही करायची, तारीख घालायची. खोडलेलंसुद्धा रेकॉर्डच असतं.”

आई मधेच म्हणाली, “आणि चपला घालून जा. रागात अनवाणी जाशील.”

पुढचे पाच दिवस मी दारं वाजवत होते. हे काम करताना रडायला वेळ मिळत नाही, हा त्याचा मोठा फायदा. एका बाईने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, “आमच्या पोरीचा नंबर तू जगाला वाटलास होय गं? रेशनचा तांदूळ आहे का तो?” मी वही पुढे केली. तिने मुलीचं नाव इतक्या जोरात खोडलं की खालच्या पानावर वळ उठला. एक मुलगा म्हणाला, “माझं नाव राहू दे. नंबर तेवढा खोड. आईला फोन आला ना, तर पोलिसांच्या आधी तीच हाणेल मला.” निवृत्त शिक्षकांनी चष्मा लावून आपली ओळ वाचली आणि म्हणाले, “नाव खोडायचं नाही. आडनावात तू चूक केली आहेस, ती दुरुस्त करायची आहे.” तीसेक जणांनी रेघ मारली. मी ‘सॉरी’ म्हणायला जायचे आणि लोक म्हणायचे, ते राहू दे, पेन दे.

कुंदाकाकूचं दार मी शेवटी ठेवलं होतं. अजयच्या आईच्या तक्रारीवरची, वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोरची चौकशी येत्या गुरुवारी होती. कुंदाकाकू तिथे बोलली नाही, तर अजय गटारावरून पडला होता हे कायमचं लिहिलं जाणार होतं. मी जाताना ठरवून गेले होते की चौकशीचं नाव काढायचं नाही. तरी मनात तेवढंच होतं.

ती एका खोलीत राहायची. नवरा खाटेवर बसलेला, गुडघ्यांनी अधू. स्टोव्हवर कुळथाची पिठी रटरटत होती, वास बाहेरपर्यंत येत होता. मशीनच्या जागी तिने भिंतीला टेकून रिकामी खुर्ची ठेवली होती. मला बघून नवरा म्हणाला, “इली बघ तुझी हजेरीवाली. ह्यांचा आंदोलन झाला, आमचा दुकान गेला.”

“गप रवा तुमी,” काकू म्हणाली. मग मला, “बस थंय. जेवलंस?”

मी म्हटलं, जेवायला नाही आले. मी काय केलं ते सांगितलं, आधी पाठ केलं होतं तसं. ती ऐकत पिठी ढवळत राहिली.

“माका इचारलंस तू? की काकू, हा मी लोकांका दाखवू काय?”

“नाही.”

“इचारला असतास तर मी काय सांगला असतंय?”

“नको म्हणाला असतात.”

“मगे? येवढी कॉलेजात जातंस, आणि येवढा कळता तर इचारूक काय झाला होता?”

तिने हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि बासष्टावी ओळ शोधली. नावावर सरळ रेघ मारली. पत्ता, नंबर, सही आणि शेरा, सगळ्यावरून तीच रेघ पुढे नेली, फॉलला टीप घालावी तशी, न हलता. बाजूला सही केली, मला तारीख विचारून तीही घातली.

“आता ह्या वहीत माझा नाव नाय. तुझ्या कम्प्युटरार नाय. बरोबर?”

“हो.”

“तुमच्या मोर्च्याशी माझा काय संबंध नाय.”

“नाही.”

“मगे जा आता.” आणि मी उठल्यावर, “खाऊन जा म्हटलंय ना? बस.” मी भात आणि पिठी खाल्ली. नवऱ्याने लोणचं पुढे सरकवलं. घरी येऊन मी वही पप्पांच्या हातात दिली आणि म्हटलं, संपलं. त्यांनी पानं उलटून बासष्टावी ओळ बघितली आणि मान हलवली. मला वाटलं, ते रेघेच्या सरळपणावर खूश झाले.

गुरुवारी पप्पांनी दाढ दुखते म्हणून अर्धी रजा टाकली. मी दिवसभर आईबरोबर पेनं तपासली. चौकशीत काय झालं ते अजयच्या घरून कोणी सांगितलं नाही, मीही विचारायला गेले नाही. मला तोंड नव्हतं. दीड महिन्याने अजयची आई आमच्याकडे आली तेव्हा कळलं. एक हवालदार निलंबित झाला होता, दुसऱ्याची बदली. चौकीच्या साहेबाला काही झालं नाही. आणि अजय पडला नव्हता, असं कागदावर आलं होतं.

कुंदाकाकू गेली होती. अजयच्या आईबरोबर नाही, वेगळ्या बसने. तिने चार वाक्यांत सांगितलं आणि थांबली. मग पोलिसांच्या बाजूच्यांनी माझ्या फोटोची छापील प्रत काढली आणि विचारलं, या पोरांनी तुम्हाला पढवलंय ना? यांच्या यादीत तुमचं नाव आहे. ती म्हणाली, त्या पोरांशी माझा संबंध नाही, मी माझं नाव खोडून घेतलंय, मूळ वही मागवा. वही मागवावी लागली नाही. ती बाहेरच्या बाकावर होती, पप्पांच्या पिशवीत. त्यांना आत बोलावलं. रेघ, सही, तारीख, चौकशीच्या तीन दिवस आधीची. चौकशी करणाऱ्या साहेबांनी ते पान बराच वेळ बघितलं म्हणे. पुढे कोणी तिला काही विचारलं नाही.

“पप्पा, तुम्ही मला सांगितलं का नाही?”

“तू कुठेतरी टाकलं असतंस,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता, माहिती होती.

अजयच्या आईने जाताना मला बजावलं, हे कुठेही घालायचं नाही. कुंदाला त्याच वस्तीत राहायचंय. दुसऱ्या दिवशी कॉलेजात निखिलने विचारलं, “अपडेट काय? लोक विचारतायत. काहीतरी टाकायला पाहिजे ना यार, नाहीतर वाटेल आपण सोडून दिलं.” आम्ही जिंकलो होतो, थोडंफार. माझ्या जिभेवर होतं. मी म्हटलं, माहीत नाही.

“माहीत नाही? तू शेजारी राहतेस त्याच्या!”

“नाही माहीत.”

तो चिडला. आपण एवढं केलं आणि तुला आता काही पडलेलीच नाही, असं म्हणाला. त्यानंतर आमचं बोलणं कमी होत गेलं, मग तो परदेशी गेला. ते पेज अजून आहे. त्यावरची शेवटची नोंद चौकशीच्या आदल्या दिवसाची आणि तिच्याखाली वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी येऊन विचारतं, ‘पुढे काय झालं?’ मी वाचते. उत्तर देत नाही. अजयला डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही. त्याने चारकोप सोडलं, त्याला दोन मुली आहेत, आणि टेबलावर तो सगळ्यांना आपल्या उजवीकडे बसवतो. कुंदाकाकूचं मशीन दोन महिन्यांनी सुटलं, गंजून. ती त्या जिन्याखाली परत बसली नाही. वर्दीची बटणं लावायला तिच्याकडे कोणी येणार नव्हतं, आणि तिलाही ती लावायची नव्हती.

हे प्रकरण लिहायला घेण्याआधी मी तिला फोन केला. ती आता गावी असते. मी म्हटलं, काकू, आधी विचारतेय. ती हसली, खोकली, आणि म्हणाली, “शिकलंस म्हणजे. लिही. पण माका कोणी वळखता नये.” नाव बदलते, म्हटलं. त्यावर ती म्हणाली की नुसतं नाव बदलून काय होतंय, चौकीसमोर काय शिवायला बसणाऱ्या दहा बायका होत्या? मग मी बाकीचंही बदललं. नाव, धंदा, बसायची जागा, गाव. ती जी बोली इथे बोलते, तीसुद्धा तिची असेल असं धरून चालू नये. लिहून झाल्यावर मी तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं. मधे ती दोनदा ‘हं’ म्हणाली. संपल्यावर तिने एकच गोष्ट विचारली, “तो चालत गेलो, ता लिवलंस मा?”

लिहिलंय, म्हटलं.

“मगे बरा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.